शॉर्टस्टॉपला सेंटर फील्डवर नेताना

न्यू जर्सीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा १३ वर्षांचा, बेसबॉल खेळतो, उजव्या हाताने थ्रो करतो. तीन वर्षं शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर, खेळला (बेस म्हणजे धावताना गाठायचे चौकोनाचे कोपरे). यंदा मोठ्या मैदानावर गेला आणि नव्या कोचने पहिल्याच आठवड्यात त्याला सेंटर फील्डला, म्हणजे बेसच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानाच्या मध्यभागी, उभं केलं. मुलगा घरी येऊन म्हणाला, "मला काढून टाकलं." गेल्या काही सामन्यांत पहिल्या बेसकडे जाणारे त्याचे थ्रो मातीत आपटत होते, हेही ताईंनी लपवलेलं नाही. त्याचे बाबा क्रिकेट खेळलेले आहेत आणि संध्याकाळी ड्राइव्ह-वेवर उंच कॅच देतात. ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: ही बढती की उतरण, कोचशी बोलावं का, आणि नवी जागा मुलाला शिकवायची कशी.

ताई, मुलाला काढून टाकलेलं नाही, हे आधी सांगतो. कॅचर (फलंदाजाच्या मागे बसणारा), सेकंड बेस, शॉर्टस्टॉप आणि सेंटर फील्ड हा कुठल्याही संघाचा कणा असतो. तुमचा मुलगा कण्यातल्या एका मणक्यावरून दुसऱ्यावर गेला आहे. ज्याच्या पायावर विश्वास नाही त्याला कोणताही शहाणा कोच मोठ्या मैदानाच्या मध्यभागी एकटा सोडत नाही. मुलाला ही शिक्षा वाटते, कारण छोट्या मैदानावर आउटफील्ड (बेसच्या पलीकडचं मैदान) म्हणजे ज्याला कॅच येत नाही त्याची जागा, हे त्याने चार वर्षं पाहिलंय. तिथे चेंडू जातच नाही. मोठ्या मैदानावर जातो, आणि बराच जातो.

मी कॅलिफोर्नियात अठरा वर्षं मुलांना बेसबॉल शिकवतोय, त्यातली बहुतेक वर्षं १३-१४च्या गटाला. त्याआधी नगरच्या कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलो, तोही शॉर्टस्टॉपलाच. त्यामुळे ती जागा सुटण्याचं दुःख मला माहीत आहे. बाराचा मुलगा तेरावा लागून मोठ्या मैदानावर येतो तेव्हा काय होतं, ते दर वसंतात माझ्यासमोर घडतं. म्हणून आधी मैदानाबद्दल सांगतो. मुलात फारसं काही बदललेलं नाही, मैदान बदललं आहे.

लिटल लीग या मुलांच्या बेसबॉलच्या छोट्या मैदानावर दोन बेसमधलं अंतर ६० फूट असतं. मोठ्या मैदानावर ते ९० फूट होतं. तिसऱ्या बेसपासून पहिल्या बेसपर्यंतची तिरकी रेघ छोट्या मैदानावर जेमतेम ८५ फुटांची, मोठ्यावर १२७ फुटांची. शॉर्टस्टॉप उजवीकडे खोल जाऊन चेंडू अडवतो, तेव्हा त्याचा थ्रो या १२७ फुटांच्या आसपास किंवा त्याहूनही लांब असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, दीडपट अंतर, तर दीडपट जोर. तसं होत नाही. त्याच वेगाने फेकलेला चेंडू दीडपट वेळ हवेत राहिला, तर तो दीडपट नाही, सव्वादोनपट खाली येतो. हवेच्या अडथळ्याने वेग मंदावतो तो वेगळाच. म्हणून गेल्या वर्षी पहिल्या बेसवाल्याच्या छातीवर बसणारा तोच थ्रो यंदा त्याच्या पायाशी मातीत पडतो. मुलाला वाटतं आपला हात बिघडला. मग तो जास्त जोर लावतो, खांदा उघडतो, आणि पुढचा थ्रो डोक्यावरून जातो. असे दोन-तीन आठवडे गेले की हातातला विश्वासच जातो. ताई, तुम्ही वर्णन केलंय ते बहुतेक हेच आहे.

यात एक पाहून घ्या, आणि ते बाकी सगळ्याच्या आधी. थ्रोच्या वेळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा किंवा कोपर दुखतं का, हे मुलाला शांतपणे विचारा. या वयात हाडांची वाढीची टोकं अजून कच्ची असतात, उंची झपाट्याने वाढत असली तर जास्तच. जागा जाईल या भीतीने मुलं दुखणं लपवतात. दुखत असेल तर शॉर्टस्टॉप की सेंटर फील्ड हा प्रश्नच नाही; थ्रो बंद, आणि मुलांच्या खेळातल्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरकडे जायचं. तो पिचिंगही (फलंदाजाला चेंडू टाकण्याचं काम) करत असेल तर या वयोगटाची दिवसाला ९५ पिचची मर्यादा आहे, आणि ती वरची मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे.

दुखत नसेल, तर कोचने पाहिलेलं चित्र असं असावं: मुलाचे पाय चांगले आहेत, चेंडू वाचतो, हात अजून ९० फुटांच्या मैदानाला पुरत नाही. आणि संघात दुसरा कुणीतरी असेल ज्याचा हात आज पुरतो. हा शेवटचा मुद्दा पालक विसरतात. जागा एकट्या मुलाकडे पाहून ठरत नाही, नऊ जण मांडून ठरते.

मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, हे सर्रास घडतं, आणि मुलाला दाखवण्यासारखी नावं भरपूर आहेत. मिलवॉकी ब्रूअर्सचा रॉबिन याऊंट वयाच्या १८व्या वर्षी, १९७४ साली शॉर्टस्टॉप म्हणून आला. १९८२मध्ये शॉर्टस्टॉप म्हणूनच अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे खांदा गेला आणि १९८५पासून त्याला आउटफील्डला नेलं. १९८९ साली तोच किताब त्याने पुन्हा मिळवला, या वेळी सेंटर फील्डर म्हणून. अॅडम जोन्सला सिअॅटलने शॉर्टस्टॉप म्हणून घेतलं होतं. सेंटर फील्डला गेल्यावर त्याने चार गोल्ड ग्लोव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार) मिळवले. ट्रे टर्नर २०१६ साली वॉशिंग्टनकडून सेंटर फील्डला खेळला, कारण शॉर्टस्टॉपची जागा रिकामी नव्हती. पुढच्याच वर्षी तो शॉर्टस्टॉपला परत गेला. हे शेवटचं उदाहरण तुमच्या मुलाला नक्की सांगा.

पण आज त्याच्या वयाच्या मुलाला सगळ्यात जवळचा वाटेल तो जॅक्सन मेरिल. सॅन डिएगोच्या संघातला हा मुलगा मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या स्तरावर) शॉर्टस्टॉप होता. मोठ्या संघात शॉर्टस्टॉपला आणि सेकंड बेसला पक्के, नावाजलेले खेळाडू होते, आणि सेंटर फील्ड रिकामं होतं. २०२४च्या वसंतातल्या सराव शिबिरात त्याला तिथे उभं केलं. मार्चमध्ये सेऊलला मोसमाचा पहिला सामना झाला तेव्हा २० वर्षांचा मेरिल सेंटर फील्डला होता. त्याच वर्षी तो ऑल-स्टार झाला आणि नॅशनल लीगच्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात दुसरा आला. जागा बदलली नसती तर त्या वर्षी तो मायनर लीगमध्येच वाट पाहत बसला असता.

उलट दिशेने जाणं किती अवघड असतं, हे मूकी बेट्सकडे पाहून कळतं. तो मुळात इनफिल्डर, म्हणजे बेसजवळ खेळणारा. बोस्टनमध्ये सेकंड बेसला डस्टिन पेड्रोया होता, म्हणून २०१४ साली बेट्सला आउटफील्डला जावं लागलं. आउटफील्डला त्याने एकूण सहा गोल्ड ग्लोव्ह मिळवले. दहा वर्षांनी, २०२४मध्ये, डॉजर्सना शॉर्टस्टॉप हवा होता, तेव्हा एवढ्या मोठ्या खेळाडूने ती जागा घेतली. सामन्यांच्या आधी मैदानावर लवकर येऊन तो रोज जमिनीवरचे चेंडू घ्यायचा. तरी पहिल्या वर्षी थ्रो चुकायचे. २०२५मध्ये तो पूर्णवेळ शॉर्टस्टॉप खेळला आणि त्या जागेच्या गोल्ड ग्लोव्हच्या अंतिम नावांत पोहोचला. शॉर्टस्टॉपचा चांगला आउटफिल्डर करणं एका मोसमात जमतं. आउटफिल्डरचा शॉर्टस्टॉप करायचा तर बेट्ससारख्यालाही एवढी मेहनत लागते. तुमचा मुलगा सोप्या दिशेने चालला आहे, आणि अवघड जागेचं शिक्षण त्याच्याकडे आधीच जमा आहे.

आता कोचशी बोलण्याबद्दल. इथे मला माझी एक चूक सांगावी लागेल, कारण त्या चुकीतूनच मी हे शिकलो.

कोच म्हणून माझं दुसरं वर्ष. एक मुलगा होता, दोन वर्षांचा शॉर्टस्टॉप, बारीक, अतिशय चपळ. एका शनिवारी मी त्याचं नाव लेफ्ट फील्डला लिहिलं आणि कागद डगआउटच्या (खेळाडूंच्या बाकांच्या) जाळीला अडकवला. त्याने कागद पाहिलाच नाही. पाहायची गरज काय, तो कायम शॉर्टलाच असायचा. संघ मैदानात उतरला, तो धावत आपल्या जागेवर गेला आणि नेहमीप्रमाणे बुटाने माती सारखी करू लागला. तेवढ्यात दुसरा मुलगा तिथे येऊन उभा राहिला. दोघं एकमेकांकडे पाहत होते. मग त्याने डगआउटकडे पाहिलं. मी काही बोललो नाही, फक्त बोटाने डावीकडे दाखवलं. तो मान खाली घालून चालत गेला. धावत नाही, चालत. बघणारे सगळे पालक बघत होते. पुढच्या वर्षी त्याने नाव नोंदवलं नाही. माझं कारण योग्य होतं. त्या मुलाचा हात खरंच पुरत नव्हता. पण मी त्याच्याशी दोन मिनिटं बोललो नाही. ती दोन मिनिटं मला आजही डाचतात.

तेव्हापासून मी नियम केला आहे: जागा बदलायची तर सरावाच्या दिवशी, मुलाला बाजूला घेऊन, कारण सांगून. कागदावरून कधीच नाही. हे फक्त मुलांपुरतं नाही. २०२५मध्ये बोस्टनच्या राफाएल डेव्हर्सचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच्या तिसऱ्या बेसच्या जागेवर दुसरा खेळाडू आणला, त्याला फक्त फलंदाजी करायला सांगितलं, मग पहिल्या बेसवरचा खेळाडू जखमी झाल्यावर फर्स्ट बेसला जाशील का असं विचारलं. त्याने नकार दिला, कुरबुर वाढत गेली आणि जूनमध्ये त्याला सॅन फ्रान्सिस्कोला पाठवलं. तिथे तोच खेळाडू जुलैत फर्स्ट बेसला उभा राहिला.

म्हणून हो, कोचशी बोला. पण आधी मुलाला बोलू द्या. तेरा वर्षांचा मुलगा स्वतः जाऊन "कोच, सेंटर फील्डला मी काय शिकावं असं तुम्हाला वाटतं?" एवढं विचारू शकतो. "मला का काढलं?" असं नाही. या एका प्रश्नाने कोचला कळतं की मुलगा तयार आहे, आणि चांगला कोच त्याच उत्तरात कारणही सांगून टाकतो. त्यानंतर तुम्हाला बोलायचं असेल तर सामन्याच्या दिवशी नको, सराव संपल्यावर. विचारायच्या गोष्टी दोनच: सरावात त्याला इनफिल्डचे चेंडू अधूनमधून मिळतील का, आणि किती सामने त्याला या जागेवर सलग देणार. एक सामना सेंटर, एक सामना राईट, एक सामना बाकावर, असं असेल तर तो काहीच शिकणार नाही. सलग आठ-दहा सामने हवेत. दुसऱ्या मुलाच्या थ्रोबद्दल मात्र एक शब्दही काढू नका.

आता शिकवण्याकडे येतो. माझा सगळा भर इथे आहे, कारण जागा बदलताना मुलाचा ग्लोव्ह क्वचितच अडतो. अडतं पहिलं पाऊल.

शॉर्टस्टॉपचं पहिलं पाऊल पुढे असतं. तीन वर्षं त्याला हेच सांगितलंय: चेंडूवर चाल, चेंडूला तुझ्यावर येऊ देऊ नको. बॅटचा आवाज झाला की त्याचं अंग आपोआप पुढे झुकतं. सेंटर फील्डला हीच सवय घात करते. पुढे पडलेला चेंडू एक बेस देतो; डोक्यावरून गेलेला तीन देतो. आणि सगळ्यात फसवा असतो तो सरळ त्याच्या दिशेने, खांद्याच्या उंचीने सुटलेला जोरदार चेंडू. बाजूने जाणाऱ्या चेंडूची कमान डोळ्यांना दिसते. सरळ येणाऱ्याची दिसत नाही, तो फक्त मोठा होत जातो. पहिल्या महिन्यात प्रत्येक जुना शॉर्टस्टॉप अशा चेंडूवर दोन पावलं पुढे धावतो, थबकतो, आणि मग डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूकडे पाहत राहतो. तुमचाही धावेल. त्या वेळी त्याला रागावू नका. त्याला एवढंच शिकवा: सरळ आलेल्या चेंडूवर क्षणभर जागेवर थांब, वाच, मग हल. शंका असेल तर मागे.

मागे जायचं म्हणजे उलटं चालायचं नाही. छाती चेंडूकडे ठेवून मागे मागे सरकणारा मुलगा हळू असतो, त्याचं डोकं हलतं आणि शेवटी तो टाचेवर पडतो. ज्या बाजूला चेंडू जातोय त्या बाजूचा पाय मागे टाकायचा, कंबर उघडायची आणि वळून पळायचं. कोच याला ड्रॉप स्टेप म्हणतात. हे शिकवायला बॅट लागत नाही. बाबांनी मुलापासून दहा पावलांवर समोर उभं राहायचं, चेंडू हातात. बोटाने डावीकडे किंवा उजवीकडे मागे दाखवायचं. मुलाने पाय टाकून वळायचं आणि पळायचं. तो चार पावलं पळाला की त्याच्या खांद्यावरून पुढे, पळत पळत हातात येईल असा चेंडू फेकायचा. आधी हळू, मग लांब. हे जमलं की पुढची पायरी: मध्येच चेंडूवरून नजर काढायची, पाठ करून पाच पावलं जीव तोडून पळायचं आणि मग पुन्हा वर बघायचं. पहिल्यांदा मुलं घाबरतात, चेंडू हरवेल म्हणून. दहाव्या-बाराव्या वेळी चेंडू जिथे असेल असं त्यांना वाटलं तिथेच तो सापडतो, आणि तेव्हा चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहायला मी अजूनही शनिवारी सकाळी सात वाजता मैदानावर जातो.

पळायचं चवड्यांवर. टाचा आपटत पळाल्यावर डोळे हलतात आणि चेंडू हवेत थरथरताना दिसतो. हात पळताना बाहेर काढायचा नाही. ग्लोव्ह पुढे धरून पळणारा मुलगा अर्ध्या वेगाने पळतो. ग्लोव्ह शेवटच्या क्षणी.

बाबांच्या उंच कॅचबद्दल. ते थांबवू नका, पण त्यातून सेंटर फील्ड येणार नाही. ड्राइव्ह-वेवर सरळ वर गेलेला चेंडू ही इनफिल्डरची कॅच आहे. आउटफिल्डरला चेंडू बॅटवरून, लांबून, कोनात येताना वाचावा लागतो. त्याला सगळ्यात उपयोगी पडतो तो संघाच्या फलंदाजीच्या सरावाचा वेळ. बाकीची मुलं तेव्हा गवतावर गप्पा मारत उभी असतात. तुमच्या मुलाला सांगा, त्या वेळात पंचवीस चेंडूंवर सामन्यासारखं खरं पहिलं पाऊल टाक. कॅच झाली नाही तरी चालेल. शंभर सुस्त कॅचपेक्षा हे पंचवीस चेंडू जास्त शिकवतात. क्रिकेटमधली एक सवय मात्र बाबांनी जरूर द्यावी: गोलंदाज धावत येतो तेव्हा क्षेत्ररक्षक दोन-तीन पावलं आत चालत येतो. पिच सुटताना सेंटर फील्डरनेही तसंच अंग जागं ठेवायचं असतं, लहान पावलं, वजन चवड्यांवर, आणि चेंडू बॅटपाशी पोहोचेल त्या क्षणी कुठल्याही दिशेला सुटायची तयारी.

सेंटर फील्डरला एक सोय असते जी कोपऱ्यातल्या आउटफिल्डरना नसते. पिचर, फलंदाज आणि कॅचर त्याच्या सरळ रेषेत असतात. कॅचरचा ग्लोव्ह आत गेला की बाहेर, हे त्याला दिसतं. शॉर्टस्टॉपला या गोष्टी वाचायची सवय असतेच. उजव्या हाताचा फलंदाज आणि बाहेरचा वेगवान पिच असेल तर चेंडू राईट फील्डकडे, म्हणजे सेंटर फील्डरच्या डाव्या हाताला, जाण्याची शक्यता जास्त, हे ओळखून तो अर्धं पाऊल आधीच सरकू शकतो. मोठ्या मैदानावरचे अर्धे अवघड झेल या अर्ध्या पावलावर होतात.

थ्रोबद्दल चांगली बातमी आहे. शॉर्टस्टॉपचा थ्रो कानाजवळून, आखूड आणि घाईचा असतो, कारण त्याला वेळ नसतो. आउटफिल्डरला लहान उडी घेऊन सगळं अंग थ्रोमागे लावता येतं. ही उडी, इथे तिला क्रो हॉप म्हणतात, पुढे घ्यायची, वर नाही. हात पूर्ण मागे, मग डोक्यावरून. बोटं शिवणीला आडवी, म्हणजे चेंडू सरळ उलटा फिरत जातो आणि दिशा सोडत नाही. शॉर्टस्टॉपच्या सवयीने हात बाजूने आला तर उजव्या हाताच्या मुलाचा थ्रो सेंटर फील्डवरून तिसऱ्या बेसच्या बाजूला वळतो, आणि टप्पा पडल्यावर आणखी पळतो. हे पहिले काही आठवडे होईल. आणि जो टप्पा पडलेला थ्रो पहिल्या बेसवर चूक ठरत होता, तोच एक लांब टप्पा घेऊन कॅचरच्या हातात गेला तर इथे उत्तम थ्रो असतो. हे मुलाला शब्दांत सांगा. त्याच्या हाताला पुन्हा बरोबर ठरण्याची गरज आहे.

पण लांब थ्रो एका दिवसात सुरू करू नका. आखूड थ्रोच्या हाताला अचानक दोनशे फूट फेकायला लावलं की खांदा दुखतो, हे मी दरवर्षी पाहतो. साठ-सत्तर फुटांवरून सुरुवात, दर दोन-तीन दिवसांनी थोडं मागे, मध्ये एक दिवस विश्रांती. आणि कॅचरपर्यंत एका दमात पोहोचवायची हौस आत्ता नको. थ्रो मध्येच घेऊन पुढे पाठवणाऱ्या मधल्या माणसाच्या छातीवर थ्रो आला की काम झालं. तो मधला माणूस बहुतेक वेळा शॉर्टस्टॉपच असतो, आणि तिथे उभं राहून थ्रो कुठे हवा असतो हे तुमच्या मुलाइतकं संघात कुणाला ठाऊक असेल?

आवाज हा भाग पालकांच्या लक्षात येत नाही. दोन खेळाडूंच्या मध्ये उंच चेंडू आला की कुणाचा, याचा ठरलेला क्रम आहे. पुढे येणाऱ्याला चेंडू समोर दिसतो, मागे जाणाऱ्याला नाही, म्हणून आउटफिल्डरचा हक्क इनफिल्डरच्या आधी. आणि आउटफिल्डरांत सेंटर फील्डरचा सगळ्यात आधी. त्याने ओरडून मागितला की बाकी सगळ्यांनी बाजूला व्हायचं. म्हणजे इनफिल्डवर हुकूम चालवणारा मुलगा आता सगळ्या मैदानावर हुकूम चालवू शकतो. पण अंतर मोठं, वारा असतो, त्याला पोटातून ओरडायला शिकावं लागेल. घराच्या अंगणातच सराव करा, शेजाऱ्यांना काय वाटेल ते वाटू द्या. सेंटर फील्डवरची टक्कर मी एकदा पाहिली आहे, दोन मुलं, कुणीच ओरडलं नाही. पुन्हा पाहायची इच्छा नाही.

मुलगा एक तक्रार नक्की करेल: कंटाळा येतो. शॉर्टला प्रत्येक पिचवर काहीतरी असतं. याला उपाय एकच, सेंटर फील्डरची खरी कामं त्याला माहीत असणं. दुसऱ्या बेसवर होणाऱ्या प्रत्येक थ्रोच्या मागे त्याने धावायचं असतं. पिचर बेसकडे चेंडू फेकतो, कॅचर चोरी (पिच पडताना धावणाऱ्याने पुढचा बेस गाठणं) रोखायला फेकतो, लेफ्ट किंवा राईटवाला जमिनीवरचा चेंडू उचलायला जातो, प्रत्येक वेळी त्याच्या मागे सेंटर फील्डर. दहातल्या नऊ वेळा हे धावणं वाया जातं. एखाद्या सामन्यात कागद-पेन घेऊन बसा आणि तो किती वेळा हलला ते मोजा. झेल किती, हे नका मोजू. घरी जाताना तो आकडा त्याला सांगा. माझ्या संघातल्या एका मुलाची आई हे करायची. त्या आकड्यानेच तो मुलगा पुढे हायस्कूलमध्ये सेंटर फील्डला टिकला, असं त्याने स्वतः मला सांगितलं.

पहिले सहा आठवडे चुकांवरून काही ठरवू नका, आणि मुलालाही ठरवू देऊ नका. शॉर्टस्टॉपचा ग्लोव्ह मात्र कपाटात ठेवू नका. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं जमिनीवरचे चेंडू आणि आखूड थ्रो चालू राहू द्या. चौदा-पंधराव्या वर्षी हात वाढतो, खांदे भरतात. तेव्हा तो परत शॉर्टला जाऊ शकेल, किंवा सेकंड बेसला. दोन जागा येणारा मुलगा हायस्कूलच्या संघात सहज बसतो. पण परत जाण्याचं वचन त्याला आज देऊ नका. ते तुमच्या हातात नाही, आणि तो रोज त्या वचनाची वाट बघत सेंटर फील्डला उभा राहील.

ग्लोव्ह आत्ताच घ्या. शॉर्टस्टॉपचा ग्लोव्ह साडेअकरा इंचांच्या आसपास असतो, त्याचा खिसा (चेंडू बसतो तो खळगा) उथळ, म्हणजे चेंडू पटकन हातात येतो. आउटफिल्डला त्यात पळताना पकडलेला चेंडू उसळून बाहेर येतो आणि मुलाला वाटतं आपली कॅच गेली. या वयाला सव्वाबारा ते साडेबारा इंच पुरे; पावणेतेराचा मोठ्या माणसांचा ग्लोव्ह त्याच्या मनगटाला जड होईल. नवं कातडं मऊ व्हायला काही आठवडे लागतात. ओव्हनमध्ये तापवणं, पाण्यात बुडवणं असले प्रकार करू नका. रोज बाबांबरोबर पन्नास-साठ थ्रो खेळा आणि रात्री ग्लोव्हच्या खिशात चेंडू ठेवून दोरीने बांधून ठेवा.

येत्या शनिवारी सामना असेल तर तुम्ही सेंटर फील्डच्या बाजूच्या कुंपणापाशी बसा, बेसच्या मागे नको. एकच गोष्ट बघा: सरळ त्याच्याकडे आलेल्या चेंडूवर पहिलं पाऊल पुढे पडलं, मागे पडलं, की तो क्षणभर थांबला. ते मला कळवा, म्हणजे पुढचा सराव काय असावा ते सांगता येईल.